नाव केवढी? दारं असतील तेवढी!

कुंभकोणहून पूर्वेला सहा-सात किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् लागतं. नवग्रहांच्या यात्रेला निघालेली मराठी मंडळी इथे येतात ती राहूसाठी. राहुकाळात मूर्तीवर दुधाचा अभिषेक होतो आणि अंगावरून ओघळणारं दूध निळसर दिसतं, अशी या देवळाची ख्याती. ते पाहायला ही झुंबड! जवळच ओप्पिलियप्पन विष्णूचं देऊळ. तिथला नैवेद्य बिनमिठाचा. दोन्ही दर्शनं आटोपतात, गाडी परतीला लागते आणि खिडकीबाहेर सुरू होतं पाणीच पाणी. कावेरी, तिचा फाटा अरसलार, फाट्याचे कालवे, कालव्यांचे पाट... पूल संपला म्हणेपर्यंत दुसरा पूल. मग गाडीतली एखादी कोकणातली आजी हमखास विचारते, 'अगो, एवढं पाणी, पण होडी कशी ती एकही नाही?'

आजीचा प्रश्न भाबडा वाटेल, पण तसा नाही. पाणी आहे म्हणून नाव चालत नसते. नाव चालते ती तिच्यासाठी कुणीतरी दार ठेवलेलं असतं म्हणून. आणि ते दार किती फूट रुंद, यावर नाव रुंद की अरुंद, तिच्यात माल किती, त्या मालावर पोट भरणाऱ्याचा संसार केवढा, हे सगळं ठरतं. ही दाराची गोष्ट नीट समजून घ्यायची तर कावेरीकाठ थोडा वेळ सोडून इंग्लंडात जावं लागेल, कारण हा हिशेब तिथे एका माणसाने एकदा मांडला आणि अडीचशे वर्षं झाली तरी तो कुणाला पुसता आलेला नाही.

त्या माणसाचं नाव जेम्स ब्रिंडली. जन्म १७१६चा. शिक्षण यथातथाच, धंदा पाणचक्क्या दुरुस्त करण्याचा. पाणी कुठून कसं वाहील हे मात्र त्याला उपजत कळे. मँचेस्टरजवळचा ब्रिजवॉटर कालवा १७६१मध्ये सुरू झाला तो त्याच्या देखरेखीखाली. हा कालवा चांगला ऐसपैस होता. चौदा-चौदा फूट रुंदीच्या नावा त्यातून चालत. ते यश पाहून १७६६मध्ये त्याच्याकडे मोठं काम आलं, ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्या जोडणाऱ्या कालव्याचं. इथे मात्र मधे डोंगर होता. चढ-उतार होता. म्हणजे बोगदा आला आणि लॉक आले.

लॉक म्हणजे पाण्याची खोली. दोन टोकांना दोन दारं. खालच्या पातळीवरची नाव खोलीत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या अंगाने पाणी सोडायचं. खोली भरते तशी नाव वर उचलली जाते. पाणी वरच्या कालव्याइतकं झालं की पुढचं दार उघडायचं, नाव चालू लागली! उतरताना याच्या उलट. पनामा कालव्यात आगबोटी डोंगर चढतात त्या याच युक्तीने. गंमत अशी की दर खेपेला खोलीभर पाणी वरून खाली जातं, ते परत येत नाही. ब्रिंडलीने आपल्या खोल्या बहात्तर फूट लांब आणि अवघ्या सात फूट रुंद केल्या. पाण्याची उंची सात फूट धरली, तरी एका खेपेला लाखभर लिटर पाणी लागतं. खोली चौदा फूट रुंद केली असती, तर दोन लाख लागलं असतं. डोंगरमाथ्यावर एवढं पाणी आणायचं कुठून? शिवाय पावणेतीन हजार यार्डांहून लांब बोगदा खणायचा होता, सगळा पहारी, कुदळी आणि सुरुंगाच्या दारूवर. बोगदा जितका रुंद तितका खर्च. ब्रिंडलीने हिशेब केला आणि ठरवलं, नाव सात फुटांचीच!

बोगदा १७७७ साली खुला झाला. ब्रिंडली तोवर हयात नव्हता. तो १७७२मध्येच गेला. पण त्याचे शागीर्द तीच मापं घेऊन पुढे गेले. मध्य इंग्लंडभर सात फुटी लॉक बांधले गेले. एका कालव्यातून निघालेली नाव दुसऱ्यात शिरायची, तर माप तेच हवं ना! उत्तरेकडे मात्र लोकांनी चौदा फुटांचा आग्रह धरला. लीड्स-लिव्हरपूल कालव्याचे लॉक चौदा फूट रुंद, पण लांबीला बासष्टच. म्हणजे मध्य इंग्लंडातली सत्तर फुटी नाव तिथे लांबीत अडते आणि तिथली पोटाळलेली नाव मध्य इंग्लंडात रुंदीत अडते. शेजारी शेजारी राहून एकमेकांच्या घरी न जाणाऱ्या जावांसारखी अवस्था!

दोघींत फरक काय? पहिला फरक साधा. परात पाण्यावर सोडली तर किती तरंगते आणि तांब्या किती बुडतो, हे मोरीत कुणीही पाहिलेलं आहे. सपाट तळाची, वीस मीटर लांब, दोन मीटर रुंद नाव घ्या. नावेसकट सगळं वजन वीस टन धरा. ती अर्धा मीटर बुडेल. तेवढ्याच लांबीची नाव चार मीटर रुंद करा, तेच वजन ठेवा. ती पाव मीटर बुडेल. उथळ पाण्यात रुंद नाव गाळाला न टेकता निघून जाते, ती म्हणूनच. ती डुलतही कमी. अरुंद नावेत एका कडेला दोन धट्टीकट्टी माणसं उभी राहिली की तोल लगेच कळतो.

मग अरुंद नावेचं भलं कशात? कालवा अरुंद असेल तर रुंद नाव पाण्याला पिचकारीच्या दट्ट्यासारखी ढकलते. पाण्याला मागे जायला कडेने वाट उरत नाही, नाव जड होते, ओढणारा घोडा घामाघूम. समोरून दुसरी नाव आली की कुणी थांबायचं यावरून भांडण. अरुंद नाव सुरीसारखी जाते. तिच्यात पंचवीस-तीस टन माल भरून काठावरून एकच घोडा ओढत नेई. तोच घोडा त्या काळच्या रस्त्यावर गाडीला जुंपला तर एक-दोन टनांत दमायचा. कोळसा, चिनी मातीची भांडी, लोखंड, धान्य... इंग्लंडची गिरणी-कारखान्यांची भरभराट या सात फुटांतून वाहिली. बोगद्यात घोड्याला वाट नव्हती. तिथे घोडा डोंगरावरून पलीकडे नेत आणि नावेवरची माणसं फळीवर उताणी पडून भिंतीला पाय रेटत रेटत नाव काढीत. अंधारात, दोन-तीन तास.

इथवर सगळा हिशेब मालाचा होता. पुढे तो माणसांवर आला. १८३०नंतर रेल्वे आली, कालव्यांचे दर पडले, नावाड्यांची मिळकत आटली. काठावरच्या घराचं भाडं परवडेना. मग नावाड्याने बायको-मुलांना नावेवरच आणलं. एक मदतनीस कमी करायचा, त्याची मजुरी वाचवायची, त्याच्या जागी बायकोने सुकाणू धरायचं आणि पोराने घोडा हाकायचा. राहायचं कुठे? सत्तर फुटांतले साठ फूट मालाचे. मागे उरली साधारण दहा फूट लांब, सात फुटांहूनही कमी रुंद खोपटी. त्यात चूल, त्यात बिछाना, त्यात कपाट, त्याच्याच दाराची खाली पाडून केलेली टेबलाची फळी. मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आठ-आठ माणसांनी काढलेले दिवस ज्यांना आठवतात, त्यांना हे निराळं सांगायला नको. फक्त चाळीची खोली रात्री एका जागी तरी राहत असे! त्या खोपटीच्या दारावर गुलाब आणि किल्ले रंगवायची, भिंतीला जाळीच्या कडांच्या बशा टांगायची नावाडणींची हौस आजही पाहणाऱ्याला सुखावते. पण त्या दारातून आत किती जण झोपत, हे पाहिलं की हौसेमागची जिद्द कळते.

पोरांच्या शाळेचं तर विचारूच नका. आज या गावी, उद्या त्या. जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने या मुलांसाठी रान उठवलं. तो स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबलेला. त्याच्या खटपटीने १८७७मध्ये पार्लमेंटने नावांसाठी कायदा केला: नावेची नोंद व्हावी, एका खोपटीत किती जणांनी राहायचं याला मर्यादा असावी, मुलांची शाळा कुठल्या गावाकडे मोजायची ते ठरावं. १८८४मध्ये तपासनीस आले. कायद्याने गर्दी थोडी हटली. नावेची रुंदी मात्र तीच राहिली, कारण ती दगडात होती.

ती बदलायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या कालव्यावर फॉक्सटन इथे दहा अरुंद लॉकची माळ होती. १९०० साली तिच्या शेजारी उतरत्या रुळांवरून पाण्याच्या मोठ्या हौदासकट नाव वर खेचणारं यंत्र उभारलं. एका वेळी दोन अरुंद नावा किंवा एक रुंद नाव. केवढा गाजावाजा! पण त्याच वाटेवर पुढे वॉटफर्ड गावचे सात लॉक होते, ते सात फुटीच राहिले. चौदा फुटी नाव फॉक्सटनला डौलात वर चढणार आणि पुढे दारात अडणार. ती आलीच नाही. १९११मध्ये यंत्र बंद. नंतर १९३०च्या दशकात लंडन ते बर्मिंगहॅम वाटेवरचे बरेच लॉक रुंद करण्यात आले, १९३४मध्ये थाटात उद्घाटनं झाली. बर्मिंगहॅमच्या पुढे मात्र पुन्हा सात फूट! मग नवीन रुंद लॉकमधून जुन्याच अरुंद नावा जोडीजोडीने जाऊ लागल्या, एवढाच काय तो फायदा. साखळीची ताकद तिच्या कमकुवत कडीइतकी म्हणतात; कालव्याची रुंदी त्याच्या सर्वांत अरुंद दाराइतकी.

माल वाहणं १९६२-६३च्या कडाक्याच्या हिवाळ्यात मोडलं. कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, गिऱ्हाईक लॉरीकडे गेलं ते परतलं नाही. आज त्या नावांत लोक हौसेने राहतात, आणि लंडनसारख्या महागड्या शहरात तर नाइलाजानेही. त्यांच्यापुढे पुन्हा तोच प्रश्न: अरुंद घ्यावी की रुंद? दहा-बारा फुटी नावेत पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उतरता येतं, स्वयंपाकघरात दोघं एका वेळी वावरू शकतात, पोरांना खोली मिळते. पण लंडनची रुंद नाव घेऊन लीड्सला पाण्यावरून सरळ जाता येत नाही. मधे ब्रिंडली उभा आहे! क्रेन बोलवायची, नाव ट्रकवर चढवायची, रस्त्याने न्यायची. कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या ट्रस्टने २०२०पासून रुंद नावांवर परवान्याचा जादा आकारही सुरू केला. जागा जास्त अडवता ना, पैसे जास्त मोजा.

आता पुन्हा कावेरीकाठी. इथेही एक इंजिनिअर होता, आणि त्याला नावांचं वेड ब्रिंडलीहून जास्त होतं. आर्थर कॉटन, जन्म १८०३. तंजावरला तेव्हा आपल्या भोसल्यांची गादी होती, पण १७९९च्या तहाने मुलूख कंपनीकडे गेलेला आणि राजाकडे किल्ला तेवढा उरलेला. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै बंधारा त्याआधी कित्येक शतकांचा. नदी मात्र आपलं पाणी उत्तरेकडच्या कोळ्ळिडम् फाट्यात ओतू लागली होती आणि तंजावरची शेती सुकत चालली होती. कॉटनने १८३६च्या सुमारास त्या फाट्यावर वर एक आणि खाली कुंभकोणच्या बाजूला अणैकरैला एक असे दोन बंधारे घातले. शेती वाचली. तिरुनागेश्वरम्‌च्या भोवती आज जी हिरवी खाचरं दिसतात, त्यांच्या पाण्यात या बंधाऱ्यांचा वाटा आहे.

पण नावेची वाट इथे झाली नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले बरेचसे कालवे म्हणजे नदीचे जुने नैसर्गिक फाटे. वाकडेतिकडे, वाळूने भरणारे. जागोजागी पाणी अडवून वाटणारी दारं, ती शेतासाठी. नावेला चढवा-उतरवायची खोली तिथे नाही. आणि पाणी तरी बारमाही कुठे? मेट्टूरचं धरण १९३४मध्ये पुरं झालं, त्याचं पाणी शिरस्त्याप्रमाणे १२ जूनला सुटतं आणि २८ जानेवारीला बंद होतं. मधले चार-साडेचार महिने नाव वाळूत रुतून बसली असती. जुन्या तंजावर जिल्ह्यात नावा चालत त्या समुद्रालगतच्या वेदारण्यम् कालव्यात. त्यातून मीठ नागपट्टणम्‌कडे जाई. म्हणजे बिनमिठाचा नैवेद्य खाणाऱ्या देवाच्या मुलखात नावेची वाट होती ती मिठासाठी!

कॉटनने इथली उणीव दुसरीकडे भरून काढली, आणि तीही आपल्या गोदावरीवर. त्र्यंबकेश्वरची गोदामाई राजमहेंद्रीपाशी पोचते तिथे धवळेश्वरम्‌ला त्याने १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला आणि कालवे काढतानाच त्यांत नावांसाठी लॉक ठेवले. तेच पाणी शेताला, तेच नावेला. सपाट बुडाच्या रुंद नावांतून भात बाजाराला जाऊ लागला. गोदावरी जिल्ह्यांत कॉटनचे पुतळे आहेत, शेतकरी त्याला मानतात. रेल्वेपेक्षा कालवे काढा, गरिबाचा माल स्वस्तात जाईल, असं तो पुढे लंडनला जन्मभर ओरडत राहिला. फारसं कुणी ऐकलं नाही.

(सिंह राशीला गुरू आला की गोदाकाठी नाशिकला सिंहस्थ आणि कुंभकोणला महामहम्. २०१५-१६मध्ये दोन्हीकडे मागेपुढे पर्वणी झाली. गुरू एक, पण कालव्यांचं नशीब दोन तऱ्हांचं.)

तसं पाहिलं तर कावेरीची स्वतःची एक नाव आहे, आणि ती रुंदीचा कळस आहे: परिसल. बांबूची विणलेली गोल टोपली, बाहेरून पूर्वी कातडं, आता प्लास्टिक. जितकी लांब तितकीच रुंद. तिला पुढचं टोक नाही, मागचं नाही. होगेनक्कलला धबधब्याखाली पर्यटकांना बसवून ती गरगर फिरवतात. वीतभर पाण्यावरही तरंगते, खडकाला लागली तर लवते, आणि नावाडी ती डोक्यावर उलटी घालून घरी जातो. सांगली-कोल्हापूरकडे पुराच्या वेळी गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसं पैलतीरी नेत, त्यातलंच हे शास्त्र. मात्र टोपलीने मोठा पल्ला मारता येत नाही. ती सरळ जातच नाही!

याच्या दुसऱ्या टोकाला केरळची चुंडन वळ्ळम्, सर्पनौका. शंभर-सव्वाशे फूट लांब, रुंदीला जेमतेम दोन माणसं शेजारी बसतील एवढी आणि शंभराहून जास्त वल्ही. ती वेगासाठी. माल वाहायला तिथे केट्टुवळ्ळम्: फणसाच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या, खिळा एकही नाही, पोट मोठं. कुट्टनाडचा भात कोचीला नेणारी ही नाव लॉरीपुढे हरली आणि १९९०च्या दशकापासून तिच्यावर खोल्या चढवून पर्यटकांची हाउसबोट झाली. आलेप्पीला गेलेल्या मराठी जोडप्यांच्या अल्बममध्ये जी दिसते, ती. मोठ्या वेंबनाड सरोवरात ती शोभते. गावातल्या अरुंद कालव्यात दोन समोरासमोर आल्या की ब्रिजवॉटरच्या नावाड्यांची आठवण यावी.

आणि कॉटनच्या कालव्यांना पुढे जोडला गेला बकिंगहॅम कालवा. मद्रासजवळ १८०६मध्ये त्याची सुरुवात झाली. १८७६-७८च्या भीषण दुष्काळात भुकेल्या माणसांना काम म्हणून शहरातला तुकडा खणून घेतला आणि गव्हर्नरचं नाव त्याला दिलं. किनाऱ्याला समांतर, आंध्रातल्या पेद्दगंजमपासून तमिळनाडूतल्या मरक्काणम्‌पर्यंत सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. पाणी उथळ, म्हणून नावा रुंद नि सपाट. वारा असेल तर शीड, नसेल तर काठावरून दोरीने माणसंच ओढत. मीठ, सरपण, चुन्याचे शिंपले, तांदूळ मद्रासला येत. १९६०-७०च्या दशकांतल्या वादळांनी काठ फोडले, गाळ भरला, वाहतूक बंद पडली. २००४च्या त्सुनामीत मात्र या मरू घातलेल्या कालव्याने किनाऱ्यावर चढलेलं बरंच पाणी पोटात घेतलं आणि मागच्या वस्त्या वाचल्या.

२००८मध्ये केंद्राने काकिनाडा ते पुदुच्चेरी ही सगळी वाट, गोदावरी-कृष्णेच्या पट्ट्यांसह, राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ म्हणून जाहीर केली. नकाशावर रेघ अखंड आहे. पण चेन्नई शहरात तोवर वेगळंच झालं होतं. उन्नत रेल्वेला जागा हवी होती. घरं पाडण्यापेक्षा कालवा सोपा. १९९७मध्ये गाडी मैलापूरला पोचली, २००४मध्ये तिरुवान्मियूरला, २००७मध्ये वेळच्चेरीला. तिचे खांब मैलापूरपासून पुढे कालव्याच्या पात्रातच उभे आहेत. रोज हजारो माणसं त्यावरून कामाला जातात, त्यांची सोय झाली हे खरंच. खाली दोन खांबांच्या मधून, काठावरचं बांधकाम आणि गाळ यांतून जेवढी फट उरली, तेवढी आता मद्रासच्या नावेची रुंदी. काकिनाड्याहून कितीही मोठा पडाव निघाला तरी मैलापूरला येऊन त्याला त्या खांबांना विचारावं लागेल.

तिरुनागेश्वरम्‌च्या आजीला मात्र ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा आणायला हवं. मेट्टूरहून पाणी सुटलं असेल तर आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीच्या घाटांवर बायकांची रीघ लागते. चढत्या पाण्याची पूजा होते, केळीच्या पानावर दिवे सोडतात. त्या दिव्यांना कुठल्याही दाराची अडचण नसते, अरसलारच्या फाट्यावरच्या बंधाऱ्यातूनही ते निघून जातात.